योगाच्या त्रैमासिकासाठी आसनांचे लेख: कसे लिहून घ्यावेत, काय तपासावे

प्रश्न असा आहे: गावातल्या योगवर्गाचे ३२ पानी त्रैमासिक काढायचे ठरले आहे, सुरुवातीला ५०० प्रती. आसने, प्राणायाम, शुद्धिक्रिया आणि आहार यांवर वर्गातले शिक्षकच लिहिणार. शिकवण्याचा अनुभव भरपूर, लिहिण्याचा नाही. लेख कसे लिहून घ्यावेत आणि छापण्याआधी काय तपासावे?

वर्गात शिक्षक अर्धवट बोलतो आणि ते चालून जाते. 'हात असे ठेवा' म्हणतो, स्वतः ठेवून दाखवतो, कुणाचा खांदा वर चढला असेल तर जाऊन खाली करतो. तोच शिक्षक लिहायला बसला की तोंडचे शब्द कागदावर उतरतात आणि हात मात्र वर्गातच राहतात. अंक वाचून आसन करणारा माणूस घरी एकटा असतो. बहुधा पन्नाशी ओलांडलेला, चष्मा काढून ठेवलेला, आणि अंक सतरंजीशेजारी जमिनीवर उघडा पडलेला. तो पोटावर झोपला की त्याला पान दिसत नाही. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले की संपादनाचे निम्मे निर्णय तिथेच होतात.

हातात लेख कसा येतो त्याचा नमुना पाहा: 'पोटावर झोपावे. हात छातीजवळ ठेवावेत. श्वास घेऊन वर उठावे. थोडा वेळ थांबून खाली यावे. फायदे: कणा लवचीक होतो, पोटाचे सर्व विकार जातात, मधुमेह व दमा बरा होतो.'

हे भुजंगासन. यातले एकही वाक्य जसेच्या तसे ठेवण्यासारखे नाही. 'हात छातीजवळ' म्हणजे कुठे? तळहात खांद्यांच्या पुढे गेले तर कोपरे ताठ होतात, खांदे कानांना भिडतात आणि सगळे काम दंड करतात. पाठ नुसती दुमडली जाते. 'वर उठावे' म्हणजे किती? मर्यादा सांगितली नाही तर माणूस ओटीपोट जमिनीवरून सुटेपर्यंत उठतो आणि सगळा बाक कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांवर येतो. 'थोडा वेळ' म्हणजे पाच सेकंद की दोन मिनिटे? आणि खाली कसे यायचे, यावर तर अवाक्षर नाही. पाठीला झटका बसतो तो बहुतेकदा आसन सोडताना, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असते. लिहिताना मात्र नेमका तोच भाग गळतो.

हाच मजकूर दुरुस्त केल्यावर असा होतो:

'पूर्वस्थिती: पोटावर झोपा. पाय जुळलेले, पावलांची वरची बाजू जमिनीला टेकलेली, कपाळ जमिनीवर. तळहात छातीच्या दोन्ही बाजूंना, बोटांची टोके खांद्यांच्या रेषेच्या पुढे नकोत. कोपरे अंगालगत.

आसनस्थिती घेणे: हनुवटी पुढे सरकवून जमिनीला टेकवा. श्वास घेत आधी डोके, मग खांदे, मग छाती वर उचला. बेंबी जमिनीला टेकलेलीच राहील. कोपरे थोडी वाकलेली, खांदे कानांपासून दूर.

स्थिर राहणे: संथ श्वसन चालू ठेवा. पहिल्या आठवड्यात ५ सेकंद, पुढे सोसेल तसे ३० सेकंदांपर्यंत.

आसनस्थिती सोडणे: श्वास सोडत आधी छाती, मग खांदे, मग हनुवटी आणि शेवटी कपाळ टेकवा. तळहातांवर गाल ठेवून तीन-चार श्वास विश्रांती.

स्वतः तपासा: वर असताना तळहात क्षणभर जमिनीपासून बोटभर उचला. छाती धपकन खाली आली तर आसन हातांवर होते, पाठीवर नव्हते. पुढच्या वेळी कमी उठा.'

शेवटचा 'स्वतः तपासा' हा भाग प्रत्येक आसनाला हवाच, असा आग्रह धरा. समोर शिक्षक नाही, त्याची थोडीफार भरपाई एवढीच. ताडासनात, भिंतीला टाच, नितंब आणि खांदे टेकतात का ते पाहावे. पश्चिमोत्तानासनात, गुडघे जमिनीवर ठेवून पोट मांडीकडे जाते की नुसते डोके गुडघ्याकडे, ते पाहावे. लेखकाला अशी खूण सुचत नसेल, तर ते आसन बहुधा छापून शिकवण्याजोगे नाही.

आता भाषेकडे या. मराठीत काही शब्द या कामात घात करतात.

'श्वास घेऊन वर उठा' आणि 'श्वास घेत वर उठा' यांत एका प्रत्ययाचा फरक आहे. पहिल्यात आधी छाती भरायची आणि मग श्वास कोंडून उठायचे. दुसऱ्यात श्वास आणि हालचाल बरोबर चालतात. रक्तदाब असलेल्या माणसासाठी हा फरक किरकोळ नाही, कारण श्वास कोंडून जोर लावला की दाब उसळतो. लेखकाच्या मनात बहुतेकदा 'घेत' असते, हात 'घेऊन' लिहून जातो. अंकातला प्रत्येक 'घेऊन' आणि 'सोडून' शोधून पाहा. 'श्वास रोखा' एवढेच लिहू देऊ नका. भरून रोखायचा की सोडून, ते आलेच पाहिजे.

अवयवांचे शब्दही असेच. आपण 'पाय' म्हणतो त्यात मांडीपासून पावलापर्यंत सगळे येते, 'हात' म्हणतो त्यात दंड, कोपर, मनगट, तळहात. 'पाय जमिनीवर ठेवा' म्हणजे पाऊल की आख्खा पाय? सगळ्यांत वाईट 'कंबर'. कुणासाठी ती नाडी बांधायची जागा, कुणासाठी दुखणारा पाठीचा खालचा भाग, तर कुणासाठी नितंब. सेतुबंधासनात 'कंबर उचला' वाचून माणूस नितंब तसेच ठेवून पाठीची कमान करतो. तिथे 'नितंब उचला' असेच हवे. हा शब्द छापायला काही ज्येष्ठ शिक्षकांना संकोच वाटतो. तो संकोच बाजूला ठेवायला लावा. 'मांडी' तर अवयवही आहे आणि बैठकही. 'मांडीवर हात' ठीक, पण 'मांडी सोडा' वाचून नवखा गोंधळतो. पाऊल, घोटा, पोटरी, गुडघा, मांडी, नितंब, ओटीपोट, बेंबी, बरगड्या, दंड, कोपर, मनगट, तळहात ही यादी छापून प्रत्येक लेखकाला द्या आणि मोघम शब्दाऐवजी यातलाच शब्द वापरायचा असे ठरवा. वाक्ये सगळी आज्ञार्थी ठेवा, 'करा, ठेवा, सोडा'. अर्धा लेख 'करावे' आणि अर्धा 'करा' असला की वाचणारा अडखळतो.

लेख आला की तपासण्याची एकच खात्रीची रीत आहे. वर्गात कधीच न आलेला एक माणूस बोलवा. एकाने मजकूर मोठ्याने, सावकाश वाचायचा. त्या माणसाने ऐकले तेवढेच करायचे, स्वतःच्या पदरचे काही घालायचे नाही. लेखकाने बाजूला बसायचे आणि तोंड उघडायचे नाही. पाच मिनिटांत लेखक 'नाही, नाही, तो हात नाही' म्हणून उठतो. जिथे उठला तिथे वाक्य चुकले आहे. एका आसनाला वीस मिनिटे लागतात आणि त्याहून उपयोगी वीस मिनिटे आख्ख्या अंकावर दुसरीकडे कुठे खर्च होत नाहीत.

'कोणी करू नये' हा मजकूर कृतीच्या आधी छापा, चौकटीत. शेवटी छापलेला निषेध माणूस आसन करून झाल्यावर वाचतो. आणि 'गंभीर आजार असल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा' हे वाक्य छापून स्वतःचे समाधान करून घेऊ नका. ते कुणीही स्वतःला लागू करून घेत नाही. नेमके लिहा. काचबिंदू असेल तर शीर्षासन नाही, कारण त्या स्थितीत डोळ्यांतला दाब जवळपास दुप्पट होतो, हे मोजलेले आहे. हाडे ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून पुढे वाकणे आणि हलासन नाही, कारण मणक्याची पुढची कड चेपून तिथे बारीक मोड होऊ शकते. पाळी थांबलेल्या अनेक वाचक बायकांना ही बाब लागू असते, आणि पोट कमी करण्याच्या लेखांत नेमकी हीच आसने घातलेली असतात. हर्निया, पोटाची ताजी शस्त्रक्रिया, गरोदरपण असेल तर भुजंगासन, कपालभाती, उड्डियान (पोट आत ओढून धरणे) नाही. कारणासह लिहिलेला निषेध पाळला जातो. नुसता 'वर्ज्य' म्हटलेला पाळला जात नाही.

सूर्यनमस्काराचा लेख पहिल्याच अंकात येणार हे गृहीत धरा. तिथे एक ठरलेली चूक असते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्याचा प्रचार केला तो नमस्कार दहा अंकांचा, म्हणजे दहा स्थितींचा. आज अनेक वर्गांत शिकवतात तो बारा अंकांचा. मजकूर एकीकडून, चित्रे दुसरीकडून घेतली की चित्र क्रमांक ७ आणि मजकुरातला अंक ७ जुळत नाहीत. मंत्र बारा आहेत म्हणून स्थितीही बारा, असा घोळही होतो; अनेक वर्गांत मंत्र पूर्ण नमस्काराला एक असतो, स्थितीला एक नव्हे. कोणता पाय आधी मागे न्यायचा आणि पुढच्या नमस्कारात तो बदलायचा की नाही, हेही लिहा.

फोटोंबद्दल. कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून जमिनीवरच्या आसनाचा फोटो काढू नका. वरून पाहिल्यावर बेंबी टेकली आहे की सुटली आहे ते दिसत नाही. कॅमेरा आसनाच्या उंचीवर आणा, चार-पाच पावले मागे जाऊन थोडे झूम करा. जवळून मोबाइलने काढले की पुढचा हात राक्षसासारखा मोठा येतो. सैल पायजम्यात गुडघा दिसत नाही, पांढऱ्या सदऱ्यात पांढऱ्या भिंतीपुढे पाठीची रेषा दिसत नाही. अंगाबरोबर बसणारे गडद कपडे, फिकट साधी भिंत. आसनाला चार फोटो पुरतात: पूर्वस्थिती, अर्ध्यावर, पूर्ण स्थिती, आणि फुली मारलेली चुकीची स्थिती. चौथा सगळ्यांत उपयोगी, पण शिक्षक तो काढून द्यायला सहसा तयार नसतात.

आणि मांडणी करणाऱ्याला आधीच बजावून ठेवा: फोटो आडवा उलटवायचा नाही. आकृतीचे तोंड पानाच्या आत हवे म्हणून ते बिनदिक्कत आरशासारखा फोटो उलटवतात. भुजंगासनात काही बिघडत नाही. अर्धमत्स्येंद्रासनात उजवा गुडघा डावा होतो आणि मजकूर वाचून करणारा पाच मिनिटे स्वतःच्या पायांत अडकून बसतो.

शुद्धिक्रियांच्या पानाकडे संपादकाने जास्तच संशयी नजरेने पाहावे. जलनेतीच्या, म्हणजे पाण्याने नाक धुण्याच्या लेखात 'चिमूटभर मीठ घालून कोमट पाणी' हे वाक्य हमखास असते. मीठ कमी असले की पाणी नाकाच्या आतल्या त्वचेत शिरते आणि झोंबते. माणूस एकदा करून पुन्हा नाव काढत नाही. प्रमाण आहे लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरला साडेचार. ५ मिलीचा मोजमापाचा चमचा बारीक मिठाने सपाट भरला तर साधारण ६ ग्रॅम होतात, म्हणून अर्ध्या लिटरला पाऊण चमचा. घरातल्या चहाच्या चमच्यावर विसंबू नका, त्यांचे आकार वाटेल तसे असतात. पाणी खळखळून उकळून कोमट केलेले. नळाचे किंवा विहिरीचे थेट नाही. साध्या पाण्यातून नाकावाटे मेंदूपर्यंत जाणारा एक अमीबा आहे, त्याचा संसर्ग फार दुर्मीळ पण बहुधा प्राणघातक. पोटात गेलेले तेच पाणी तसे करत नाही, म्हणून 'आम्ही हेच पाणी पितो' हा युक्तिवाद चालत नाही. नंतर नाक कोरडे करताना एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरू नका, पाणी कानाकडे ढकलले जाते. पुढे वाकून, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून, हलक्या फुंकरींनी पाणी काढा. एवढे सगळे लेखात नसेल तर तो लेख परत पाठवा.

प्राणायामात आकडे तपासा. कपालभाती 'रोज अर्धा तास' असे कुणी लिहिले तर छापू नका. नवख्याला एका आवर्तनात २० ते ३० झटके, सेकंदाला एकाहून जलद नाही, मध्ये विश्रांती, अशी दोन-तीन आवर्तने पुष्कळ झाली. झटका फक्त श्वास सोडण्याचा. आत श्वास आपोआप येतो, हे ठळक अक्षरांत. १:४:२ हे पूरक (श्वास घेणे), कुंभक (रोखणे), रेचकाचे (सोडणे) प्रमाण ग्रंथातून उचलून सरळ छापले जाते. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करतात तसा प्राण वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो, असेही म्हटले आहे; ते मात्र गाळले जाते. अंकात कुंभकाशिवाय १:१ आणि सवयीनंतर १:२ एवढेच द्या. 'दीर्घ श्वसनाने रक्तातला ऑक्सिजन कितीतरी वाढतो' हेही खोडा. निरोगी माणसाच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारे यंत्र लावा, तो बसल्या बसल्याच ९५ टक्क्यांच्या वर असतो. वाढायला जागाच कुठे आहे?

आहाराच्या पानावर दोन गोष्टी कायम डोकावतात. 'मधुमेहींनी साखरेऐवजी गूळ वापरावा': गुळातही बहुतांश साखरच आहे, हे वाक्य छापायचे नाही. आणि दुधीचा रस. देत असाल तर 'चव घेऊन पाहा, जराही कडू लागला तर संपूर्ण फेकून द्या, मध किंवा लिंबू घालून पिऊ नका' हे रसाच्या कृतीतच हवे. कडू दुधीतल्या विषाने रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावली आहेत. पाककृतींत वाटी किती मिलीची ते एकदा सांगा. नाचणीच्या आंबिलीत पीठ आधी गार पाण्यात कालवायचे आणि ताक आच बंद करून थोडे निवल्यावर घालायचे, नाहीतर आधी गुठळ्या होतात आणि मग ताक फाटते. असे बारकावे नसले तर ती पाककृती नुसती जागा भरते.

आता फायद्यांचा प्रश्न. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेत स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले, तेव्हा अंकाचे विभागच वेगळे पाडले होते: प्रयोगशाळेत मोजलेले एकीकडे, सर्वसामान्यांसाठीचे दुसरीकडे. नौलीच्या (पोटाचे स्नायू घुसळण्याच्या क्रियेच्या) वेळी मोठ्या आतड्यात निर्वात होते हे त्यांनी दाबमापक लावून पाहिले आणि मग लिहिले. गावच्या त्रैमासिकाला प्रयोगशाळा नको, पण शिस्त उसनी घेता येते. प्रत्येक फायद्यापुढे तो कुठून आला ते लिहायला लावा: ग्रंथात सांगितलेला, वर्गात दिसलेला, की वैद्यकीय अभ्यासात मोजलेला. लेखकाला हे लिहावे लागले की बारा फायद्यांचे तीन उरतात. 'बरा होतो' या क्रियापदाला अंकात बंदी. 'औषधांबरोबर मदत होते' एवढे म्हणता येते, तेही जिथे खरे आहे तिथेच.

जाहिरातींत तर हा कायद्याचा मामला आहे. १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, मोतीबिंदू, लठ्ठपणा, एवढेच काय, उंची वाढवणेही आहे. या आजारांवर औषध देतो अशी जाहिरात छापण्यात भाग घेणाराही त्यात सापडतो. 'जाहिरातीतील मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही' ही ओळ तिथे ढाल होत नाही. पहिल्या अंकाला पाठीमागचे पान विकत घ्यायला नेमका असाच चूर्णवाला पुढे येतो.

नियतकालिकाची नोंदणी आता २०२३ च्या कायद्याखाली ऑनलाइन होते. नाव मंजूर होईपर्यंत मुखपृष्ठ करू नका, आणि 'योग', 'आरोग्य' असलेली सोपी नावे बहुधा गेलेली असतात म्हणून चार-पाच पर्याय तयार ठेवा.

छपाईत मुख्य आसनाचा लेख १६ आणि १७ या मधल्या पानांवर घ्या. पिन मारलेला अंक फक्त तिथेच जमिनीवर सपाट उघडा राहतो. बाकी पाने हात काढला की मिटतात. आतला कागद चकचकीत नको, खिडकीच्या उजेडात तो चमकतो आणि झोपून वाचता येत नाही. साधा, न चकाकणारा मॅपलिथो कागद, जाडी ७० किंवा ८० जीएसएम. कृतीचा मजकूर १४ पॉइंटांहून लहान नाही. इतर लेख १२ मध्ये चालतील, ते खुर्चीत बसून वाचले जातात.

लेखक जुन्या फॉन्टमध्ये, श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकून पाठवतील. युनिकोडमध्ये आणताना 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' होते, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. ते डोळ्यांना दिसते तरी. पण अपूर्णांकाचे चिन्ह गुपचूप गळते, आणि १/२ चमचा मीठ १२ चमचे होते. म्हणून मापे सगळी अक्षरांत: अर्धा, पाऊण, सव्वा. रूपांतर झाल्यावर नेती, पाककृती आणि निषेधाच्या चौकटी मूळ हस्तलिखिताशी पुन्हा ताडून पाहा, दोघांनी, एकाने वाचून आणि दुसऱ्याने बोट ठेवून.

इतके करूनही चूक जाईलच. चूकदुरुस्ती शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत देऊ नका. पुढच्या अंकात त्याच मधल्या पानावर, त्याच आकारात, 'मागील अंकातील हे वाक्य खोडून हे लिहावे' अशी द्या, आणि चौकटीच्या कडेला कातरण्यासाठी तुटक रेघ ठेवा, म्हणजे वाचक ती कापून जुन्या अंकात चिकटवू शकेल.